आरपार दगड

पान दोनवर तो स्वतःच होता. नाव आणि फोटो तेवढे दुसऱ्याचे होते.

शुक्रवारी दुपारी उत्तुंग अकॅडमीच्या नव्या माहितीपत्रकाचं प्रूफ फिजिक्सच्या टेबलावर आलं होतं, सूत्रांतल्या चुका बघायला. जीशान शेखनं लाल पेनचं टोपण काढलं, पान उलटलं, तर संचालक बालाजी सर हाताची घडी घालून उभे, आणि खाली ठळक अक्षरात : अठरा तास दगडांखाली. त्यानं वाचलं. किल्लारीच्या जवळचं गाव. छातीवर आडवी पडलेली शिळा. पोरगं झोपलं तर जाईल म्हणून बाहेरून पाढे विचारणारा बाप. एकोणतीसच्या पाढ्यात अडकलेलं पोरगं. सगळं बरोबर होतं, कुठं म्हणून चूक नव्हती. जीशाननं पुढचं पान उलटलं, गुरुत्वत्वरणाच्या एककात सेकंदावरचा वर्ग राहून गेला होता तो घातला, प्रूफ परत पाठवलं. मग जाऊन हात धुतले. परत धुतले. त्र्याण्णव सालच्या त्या पहाटे बालाजी चाकूरला, स्वतःच्या घरी झोपला होता. चाकूरच्या त्या घरात उतरंडीवरचं एक गाडगं फुटलं, बस. हे त्यानंच सांगितलं होतं, नांदेडला कॉलेजच्या होस्टेलात, हसत हसत. आणि त्याचं गाडगं ऐकून जीशाननं त्याला आपलं सांगितलं होतं. सगळ्या जन्मात एकदा, एका माणसाला.

आता रविवार होता आणि बस मुदखेडच्या रेल्वेफाटकाशी मालगाडीची वाट बघत उभी होती. पुढच्या सीटवर बालाजी माइक घेऊन पोरांना हसवत होता. टॉपर बॅचची साठ पोरं दर डिसेंबरात किनवटच्या पलीकडं सुळईच्या डोंगरावर न्यायची, माथ्यावर बॅनर धरून फोटो काढायचा आणि मग संचालकांनी बोलायचं, असा अकॅडमीचा रिवाज. यंदा लातूरच्या क्लासवाल्यांनी नांदेडात तीन शाखा उघडल्या होत्या. चौकाचौकात त्यांची पोरं फलकांवर हसत होती. त्यांच्याकडं निकाल होते, वातानुकूलित हॉल होते. बालाजीकडं काय होतं? म्हणून त्याला गोष्ट लागली. आज तो ती माथ्यावर पहिल्यांदा सांगणार आणि उद्या सोमवारी पत्रक छापायला जाणार. जीशाननं ठरवलं होतं की त्याच्या आधी, तिथंच, साठ पोरांच्या समोर बोलायचं. ती गोष्ट माझी आहे. एवढंच वाक्य. तो शुक्रवारपासून ते तोंडात घोळवत होता आणि दर वेळी त्याच्या शेपटाला धरून दुसरं वाक्य बाहेर येत होतं, ते त्यानं बालाजीशिवाय कुणाला ऐकवलेलं नव्हतं : ती भिंत माझ्या अब्बांनी बांधली होती. पहिलं बोललं की कुणीतरी विचारणार. पोरं विचारतातच. तारामती तर नक्कीच विचारणार. तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसलेली ही सतरा वर्षांची पोरगी औशाकडच्या एका पुनर्वसित गावातली होती, म्हणजे भूकंपानंतर सरकारनं आखून वसवलेल्या नव्या गावातली, आणि उत्तर मिळूनही समाधान न होणारी.

नऊ वाजता ते चढायला लागले. सागवानाची वाळलेली पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. डोंगर लांबून गरीब दिसायचा, पण जवळ गेलं की त्याची खोड कळायची. वाट वळण म्हणून घ्यायची नाही, सरळ छातीवर यायची. बालाजीनं नवे पांढरे बूट घातले होते. तो धापा टाकत होता, तरी बोलायचं थांबत नव्हता. लातूरवाले पोरांना कोंबड्यांसारखं कोंडतात म्हणे, आपण बघा कसे निसर्गात आणतो. पोरांना कौतुक वाटत होतं. जीशान सगळ्यांच्या मागं, पाण्याचा कॅन खांद्यावर घेऊन. घाम डोळ्यांत जात होता आणि त्याला बरं वाटत होतं, कारण राग कशात तरी खर्च होत होता. तो पायरी चढायचा आणि मनात बालाजीला बोलायचा, पायरी चढायचा आणि बोलायचा. भडव्या, माझा बाप कुठं गेला तुझ्या गोष्टीतून? बाहेर पाढे विचारत बसलाय तो कोण? त्याच्या हातात गवंड्याची थापी का नाही? बालाजीनं गोष्ट धुऊन, उन्हात वाळवून घातली होती. तिच्यात गावची एक जुनी भिंत होती, आपोआप उगवल्यासारखी, आणि ती आपोआप पडली. बाप नुसता बाप होता. बापाला धंदा नव्हता.

धंदा होता. अब्बांचं, लातूरच्या जिलानी गवंड्याचं, नाव सांगितलं की त्या पट्ट्यातली माणसं आपल्या भिंतीवर हात ठेवायची, हे बघा म्हणून. काळा दगड तो असा घडवायचा की भिंतीवरून हात फिरवला तर एक दगड कुठं संपला आणि दुसरा कुठं लागला ते बोटांना कळू नये. किल्लारीजवळच्या माळसांगवीच्या श्रीमंतरावांनी त्याला खास बोलावून नेलं. त्या पावसाळ्यात जीशान चौदा वर्षांचा होता, शाळा बुडवून चिखल कालवायला जायचा. दोन हात रुंद भिंत. बाहेरून घडीव दगडांचं एक तोंड, आतून दुसरं, मध्ये खडी-माती-चिखल. गणपतीत भिंत पुरी झाली, वर मातीचं सपाट माळवद चढलं, आणि शेजारच्या गावांतनं लोक बघायला आले. बायका भिंतीला पाठ लावून उभ्या राहायच्या. गार लागती, म्हणायच्या. विसर्जनाच्या दिवशी श्रीमंतरावांची बायको सरजाबाई जेवल्याशिवाय जाऊ देईना, म्हणून राहिले. जीशान आत, नव्या भिंतीशी झोपला. अब्बा बाहेर बाजेवर, त्यांना आत झोप यायची नाही. भूकंपानंतर महिनाभरानं निवाऱ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक इंजिनियर तक्ता घेऊन आला आणि काठीनं दाखवत म्हणाला, दोन तोंडांना धरून ठेवणारा लांब दगड लागतो, या तोंडापासून त्या तोंडापर्यंत आरपार जाणारा, ठरावीक अंतरानं. तो नसला की हादऱ्यात भिंत मधून उकलते, पुस्तकासारखी. लोक माना हलवत होते, आपल्याकडं कुणाला ठाऊक होतं म्हणून. जीशाननं मान हलवली नाही. लातूरला दर्ग्याच्या कुंपणाची भिंत अब्बांनीच बांधलेली होती आणि तिच्यात असे दगड होते, त्यांची ओबडधोबड तोंडं वीतवीत बाहेर आलेली होती, लहानपणी तो त्यांच्यावर पाय देऊन वर चढायचा. म्हणजे अब्बांना ठाऊक होतं. घरी आला तेव्हा अब्बा जेवत होते. तो समोर बसला. अम्मीनं त्यालाही वाढलं. त्यानं विचारलं नाही.

मग तेरा वर्षं. थापी अब्बांनी पुन्हा धरली नाही, मामूच्या दुकानात बसून कुलपं दुरुस्त करतात. ईदला जीशान जातो, गळाभेट होते, अम्मी शीरखुर्मा वाढते. तो विचारत नाही आणि तेही सांगत नाहीत, आणि दोघंही दोन खोल्यांच्या घरात एकमेकांना वाट देत वावरतात, दोघांच्या मध्ये कुणीतरी आजारी झोपलं असल्यासारखे. का घातले नाहीत ते दगड? श्रीमंतराव घाई करत होते का? खाणीत लांब दगड मिळाला नाही? विसरले? आणि जीशानचं काम काय, तर पोरांना स्थितिशास्त्र शिकवणं. एक आयताकृती ठोकळा आडव्या पृष्ठभागावर ठेवला आहे. पृष्ठभाग क्षितिजसमांतर त्वरणाने हलू लागल्यास ठोकळा केव्हा कलंडेल? घर्षण पुरेसे आहे असे माना. ठोकळा एकसंध आहे असे माना. हवेचा रोध दुर्लक्षित करा. दर वर्षी साडेतीनशे पोरं हे सोडवतात आणि दर वर्षी फळ्याकडं तोंड करून तो म्हणतो, एकसंध आहे असे माना. आत कोण झोपलंय ते दुर्लक्षित करा.

अकराच्या सुमाराला सोंड आली. डोंगर इथं आक्रसून अरुंद झाला होता. डावीकडं दरी, उजवीकडंही दरी, मध्ये दीड हाताची वाट. तिच्या शेवटी कातळ आडवा येत होता आणि त्याला छाती लावून, खोबणीत पाय ठेवत, वीसेक पावलं बाजूनं सरकत जायचं होतं. खालच्या वाडीतले दोघं जण दोर धरून उभे होते. पोरं एकमेकांना चिडवत पार झाली. तारामती चपला हातात घेऊन गेली. शेवटी बालाजी आणि जीशान राहिले, तेव्हा जीशाननं कॅन ठेवला आणि पुढं पाऊल टाकलं. चार पावलं सरकला. पाचव्याला कातळ छातीला लागला.

काळा दगड. उन्हानं तापलेला असूनही आतून गार. त्याचा वास आला, ओल्या चिखलाचा, जो तिथं नव्हता. पाय पुढं सरकेना. बोटं खोबणीत होती पण ती कुणा दुसऱ्याची होती. खाली पैनगंगेकडं उतरत गेलेलं जंगल एका अंगाला कललं आणि कललेलंच राहिलं. पलीकडून कुणी पोरगं हाका मारत होतं, सर, काही नाही, या. आणि मग मागून, अगदी कानाशी, बालाजी हळू आवाजात म्हणाला, “जीशान्या, डोळे मिट. एकोणतीस चोक?”

राग असा उसळला की आधी तो रागच आहे हे त्याला कळलं नाही. ह्याला ठाऊक होतं. सगळ्या जगात ह्या एका माणसाला ठाऊक होतं की आता कुठली चावी कुठं लावायची. आणि ह्यालाच ठाऊक होतं की त्या पाढ्यात काय होतं, आणि तेच त्यानं पान दोनवर येऊ दिलं नव्हतं. कारण त्या दिवशी दगडांखाली जीशान एकटा नव्हता. पलीकडच्या खोलीत सरजाबाई होती. दिवस उजाडल्यापासून ती हाका मारत होती, चिडून नाही, शेजारणीकडं पीठ मागावं तशी. “गवंडीभाऊ, हिकडं बी बघा की.” अब्बा जीशानच्या अंगावरचे दगड काढत होते. कुठला आधी काढला तर वरचा घसरणार नाही हे त्यांना पाठ होतं, कारण त्यांनीच रचले होते ते. त्यांची भिंत ते उलट्या क्रमानं उतरवत होते. आणि सरजाबाईची हाक आली की अब्बांचा आवाज चढायचा. “बोल, उनतीस चौके? उनतीस पंजे?” ती परत म्हणायची, हिकडं बी बघा. ते आणखी मोठ्यानं, “उनतीस छक्के? बोल रे.” आणि तो बोलायचा. चौदा वर्षांच्या पोराला काय कळत नव्हतं? कळत होतं. तोही मोठ्यानं बोलायचा. दुपारनंतर हाक आली नाही, तेव्हा बापलेक एकदमच थांबले होते, पाढा सातव्यावर. त्या घरातली पाच माणसं गेली.

“एकशे सोळा,” जीशान दातांतून म्हणाला.

“पाची?”

“गप. तू गप बस.”

आणि पाय हलला. हिमतीनं नाही, बालाजीचं तोंड मागं टाकायला हलला. सहा, सात, अकरा, वीस. पलीकडं पोरांनी टाळ्या वाजवल्या. बालाजी मागून आला, दम घेत पोरांना म्हणाला की सरांचं पित्त खवळलं, रिकाम्या पोटी चढू नये, हे लक्षात ठेवा. त्यानं जीशानला पाण्याची बाटली दिली. जीशाननं ती घेतली आणि प्यायला, आणि घेतली ह्याचाही राग आला.

माथा म्हणजे एक सपाट कातळ, शेंदूर फासलेला एक गोटा, आणि चहूबाजूंनी एवढं आकाश की बसावंच वाटावं. खाली पैनगंगेचं वळण चकाकत होतं, पलीकडं विदर्भ निळा. पोरं ओरडली, ती नदीसाठी नाही, मोबाइलला रेंज आली म्हणून. ज्यांच्याकडं फोन होता त्यांनी घरी लावले, बाकीची त्यांच्या मागं रांगेत. नायगावच्या पोरानं आईला सांगितलं की मी ढगात आहे. मग बॅनर उलगडला, वाऱ्यानं तो ओढला, आठ पोरांनी धरला, फोटो झाले. पोरं खाली बसली आणि बालाजी त्या गोट्याजवळ उभा राहिला.

तो बोलायच्या आधी बोलायचं असं जीशाननं ठरवलं होतं. तो उठला नाही. बालाजी सुरू झाला, आणि खरी गोष्ट अशी की तो चांगलं सांगत होता. जीशानला असं सांगता आलं नसतं. होस्टेलात त्यानं सांगितलं तेव्हा तुटक तुटक सांगितलं होतं, मध्येच बादली उचलून पाणी आणायला गेला होता. बालाजीकडं तीच गोष्ट श्वास घेत होती. त्यानं शिळेचं वजन सांगितलं तेव्हा पोरींनी ओढण्या तोंडाला लावल्या. त्यानं पाढे म्हणून दाखवले, बाप खोल आवाजात, पोरगं बारीक. दोनशे तीनवर तो थांबला, बरोबर थांबला. मग आवाज बदलून तो म्हणाला की अठरा तासांनी कंदिलाचा उजेड दिसला, आणि तेव्हाच मी ठरवलं. पोरं रडत होती. तारामती रडत नव्हती. तिनं हात वर केला.

“सर, ती भिंत कुणी बांधलेली व्हती?”

बालाजी म्हणाला, जुनी होती, आज्या-पणज्याच्या काळातली असेल.

“पण तुम्ही आधी नवं घर म्हन्ला. आरपार दगड नव्हते का तिच्यात? आमच्यात तर शेंबड्या पोरालाबी म्हाईत हाय ते.”

पोरं हसली. बालाजीही हसला. आणि मग त्यानं जे केलं ते तो रोज वर्गात करायचा, अवघड शंका आली की ज्याच्या त्याच्याकडं सरकवून द्यायची. हे आता फिजिक्सचं झालं, तो म्हणाला, शेख सर सांगतील.

साठ तोंडं वळली. वाऱ्यानं बॅनरचं टोक फडफडत होतं. जीशान बसल्या जागेवरूनच बोलला, म्हणून आवाज त्याला वाटला त्यापेक्षा खाली आला.

“नव्हते. एकबी नव्हता. मला ठाऊक आहे, चिखल मी कालवत होतो. भिंत माझ्या अब्बांनी बांधली आणि तिच्याखाली मी होतो. बालाजी सर नव्हते. ते चाकूरला होते.”

जीशान बालाजीकडं बघत होता, शुक्रवारपासून ज्या तोंडाकडं बघायचं होतं त्या तोंडाकडं, आणि ते पडेल, पांढरं होईल, म्हणून वाट बघत होता. बालाजीनं दोन सेकंद घेतले. फक्त दोन. मग तो चालत आला, जीशानच्या खांद्यावर हात ठेवला आणि पोरांना म्हणाला की ऐकलंत ना, आपल्या मराठवाड्यातल्या प्रत्येकाच्या अंगावर ती भिंत पडलेली आहे, माझ्या काय आणि शेख सरांच्या काय. गोष्ट कुणाची ते महत्त्वाचं नाही, त्यातून उठायचं कसं ते महत्त्वाचं. पुढच्या रांगेतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी. जीशाननं खांद्यावरचा हात काढला. बालाजी कानाशी म्हणाला, “दोघांचं छापू. तुझा फोटो वर टाकतो. अब्बांचं तेवढं नको, लोकं काय म्हणतील त्यांना.” आणि जीशानच्या ध्यानात आलं की तो हे काळजीनं म्हणतोय. हरामखोराला खरीच काळजी होती. तेरा वर्षं जीशान हीच करत आला होता. बालाजीनं त्याच्याकडून गोष्ट उचलली, तिच्यातून अब्बांना वगळायचंही त्याच्याकडूनच उचललं.

टाळ्या संपल्या तरी तारामती उभीच होती. ती दोन पोरांना ओलांडून पुढं आली. चपला अजून हातात होत्या.

“मग का न्हाई घातले दगड?”

“माहीत नाही.”

“म्हंजी तुम्ही इचारलं न्हाई.”

“नाही.”

“तेरा वर्सं झाली, सर.” तिच्या बोलण्यात सहानुभूती अजिबात नव्हती. “आमच्या घराचा गवंडी आमच्याच घराखाली मेला. आजी रोज त्याला शिव्या देती, रोज इचारती, मेलेल्याला. तुमचे तर हायेत.”

बालाजी म्हणाला, तारा, बस खाली. ती बसली नाही. जीशाननं खिशातून फोन काढला. रेंजच्या चारही काड्या भरलेल्या होत्या. त्यानं लातूरचा नंबर लावला आणि अम्मीनं उचलला. तिला फोनवर नेहमी ओरडूनच बोलायचं असायचं. कुठं आहेस, जेवलास का, आवाज असा का येतो, वारा आहे का. तो म्हणाला, अब्बांना दे. अब्बांना दे, असं त्यानं फोनवर कधी म्हटलेलं नव्हतं. मग चपलांचा आवाज, खुर्ची सरकल्याचा, आणि श्वास.

“अब्बा, वो माळसांगवी की दीवार.”

पलीकडून कुणी विचारलं नाही कुठली दीवार.

“दर्ग्यात घातलेत तुम्ही आरपार दगड. तिथं का नाही घातले? घाई होती का? दगड नव्हता?”

“था,” अब्बा म्हणाले. “लंबा पत्थर था. पड़ा था आंगन में. तू उसपे बैठ के रोटी खाता था.”

“मग?”

साठ पोरं ऐकत होती. बालाजी बॅनरची घडी घालत होता, हळूहळू, आवाज न करता.

“उसका मुँह बाहर आता, बेटा. तोंडावर दिसला असता.” म्हातारा खाकरला. “अच्छा नै दिखता था.”

जीशाननं फोन कानावरून खाली घेतला, बंद केला नाही. तारामती समोर उभी होती, उत्तराची वाट बघत, फळ्यासमोर उभी राहायची तशी.

“काय म्हन्ले?”

“दिसला असता, म्हणाले. चांगला दिसला नसता.”

“एवढंच?”

“एवढंच,” जीशान म्हणाला, आणि हातातल्या फोनमधून अब्बांचा बारीक आवाज येत होता, ते अजून बोलत होते. श्रीमंतराव, सरजाबाई, श्रीमंतरावांची आई, मग दोन पोरं, एकेक नाव घेऊन, थांबून, पुढचं घेऊन. पोरांची नावं जीशानला ठाऊक नव्हती. त्यानं फोन परत कानाला लावला आणि मोठ्यानं म्हणाला, “फिरसे बोलो. शुरू से.”